सहा-बारा ते दहा-पाच : बोलणे नाही

होआकीन या गोष्टीत फक्त आवाजापुरता येतो. तोही अकरा मिनिटं वीस सेकंद. माणूस स्वतः अपघातानंतर चौथ्या दिवशी विमानात बसून स्पेनला निघून गेला. छातीवर लावलेल्या छोट्या कॅमेऱ्यात त्याने चाचणीचं चित्रीकरण केलं होतं, ते मागे राहिलं.

काय झालं ते आधी सांगून टाकू, म्हणजे पुढे कोणी अडखळणार नाही. तारापूर एमआयडीसीतल्या एका कापड रंगवणाऱ्या कारखान्यात स्पेनहून नवीन जेट आलं. जेट म्हणजे मोठं बंद भांडं. आत दाबाखाली उकळत्याहून गरम पाणी, आणि त्या पाण्यात कापड गोल गोल फिरत राहतं. ते बसवायला होआकीन आला आणि तीन आठवडे राहिला. शेवटच्या चाचणीला झाकण उघडलं तसं निळं पाणी उसळून बाहेर आलं. झाकण उघडणारा सुका. विक्रमगडकडच्या डोंगरातला, कंत्राटी कामगार. त्याचा डावा हात कोपरापासून खांद्यापर्यंत भाजला. अंगाचा निळा रंग आठ दिवसांत गेला, नखांचा राहिला.

चौकशी लागली. दाब उतरायच्या आत सुकाने झाकण उघडलं का? उघडलं असेल तर दोष त्याचा. निकाल लागेपर्यंत त्याचा गेटपास काढून घेतला होता. रोज सकाळी आठला यायचं, गेटच्या खोलीत सही करायची, चारपर्यंत बाकावर बसायचं. आणि या बोईसर पट्ट्यात एका गेटवर अडलेला माणूस दुसऱ्या गेटवरही अडतो, कारण ठेकेदार सगळे एकमेकांचे मेहुणे नाहीतर मित्र. पास परत मिळाला तर सुका बोईसरात राहणार. नाही मिळाला तर खोली सोडून, बायको कमळीला घेऊन, डोंगरात.

एवढी गोष्ट. बाकी सगळं भाषांतर.



समिधा घिवलीची. वाडवळ घर, नारळ-चिकूची वाडी, वडील बळवंत राऊत. मुंबईला जाऊन ती स्पॅनिश शिकली आणि परत घरी आली, याचं गावाला नवल वाटायचं. शिकून परत येतं का कोणी? पाच वर्षं ती पुण्याच्या एका एजन्सीसाठी काम करत होती. कुणाचीतरी भाषणं, मुलाखती, मशीन कसं चालवावं याचे व्हिडिओ. ऐकायचं, इंग्रजीत लिहायचं, पाठवायचं. हे काम मात्र कारखान्यात येऊन करायचं होतं. व्हिडिओ बाहेर न्यायचा नाही, मोबाइल गेटवर ठेवायचा. पहिल्या मजल्यावरची ट्रेनिंगची खोली, एक लॅपटॉप, कानाला हेडफोन.

एजन्सीचा नियमांचा कागद तिला तोंडपाठ होता. त्यातला सातवा नियम: उद्गार, अडखळणे, खोकला, हसणे व इतर अर्थहीन आवाज गाळावेत. धंद्यात याला साफ प्रत म्हणतात. समिधाला साफ प्रत आवडायची. बोंबील साफ करतात तसं ते. डोकं काढलं, शेपूट काढलं, आतलं काढलं की उरतो तो मासा.

पहिल्या दिवशी संध्याकाळी तिने दिलेली इंग्रजी साफ प्रत मराठीत अशी होती:

१:०५ — पाण्याची पातळी बरोबर आहे.
३:४० — पंप चालू. कापड फिरते आहे.
५:५८ — आता थंड होऊ देऊ.
६:१२ ते १०:०५ — बोलणे नाही.
१०:०५ — ओरडणे. पाण्याचा आवाज.

सेफ्टी ऑफिसर विपुल चौधरी यांनी ती उभ्या उभ्या वाचली.

"फर्स्ट क्लास," ते म्हणाले. "एकदम क्लिअर. चार मिनिटं स्पेनवाला गप्प आहे, म्हणजे त्याला काही गडबड दिसली नाही. म्हणजे मशीन ठीक. म्हणजे..." म्हणजेच्या पुढे काय ते त्यांनी हाताने दाखवलं. खिडकीतून खाली, गेटच्या बाकाकडे.

समिधाने त्या हाताकडे पाहिलं, बाकाकडे पाहिलं नाही. तिचं काम झालं होतं.



दुसऱ्या दिवशी ती सही करायला आणि उरलेली कागदपत्रं द्यायला आली. गेटसमोरच्या टपरीवर चहा घेत होती, तेव्हा बाकावरचा माणूस उठून रस्ता ओलांडून आला. डाव्या हाताला खांद्यापर्यंत पांढरी पट्टी.

"ताई, तुमीच ना ती बोली उतरवनाऱ्या?"

"हो."

"चौधरी सायेब बोलला, त्यात चार मिनिटं तो गप व्हता. आसं लिवलंय म्हनं."

"मीच लिहिलंय."

"गप कुटं? नळावर बायांचं भांडान लागलं तरी एवडं तोंड चालत नाय, एवडं त्याचं चाललं व्हतं."

"अरे सुका, मॅडम को चाय तो पीने दे," टपरीवाला म्हणाला.

"पिऊं दे ना. मी कुटं त्यांच्या पेल्यात हात घातला?" सुका तिथेच उभा राहिला.

समिधाने त्याला समजावून सांगितलं. बोलणं म्हणजे वाक्य. काहीतरी सांगितलं, विचारलं, तर ते बोलणं. तो माणूस त्या चार मिनिटांत काही सांगत नव्हता. नुसते उद्गार होते.

"नुसते मंजे?" सुकाने विचारलं.

 ती चहाचे पैसे देऊन वर गेली, विपुल सरांकडून लॅपटॉप परत मागून घेतला आणि सहा-बारापासून पुन्हा ऐकलं. कागदावर रेघा मारत गेली. पाच रेघांचा एक गठ्ठा, दुसरा गठ्ठा, आणि वर चार.

चौदा.

पाच वर्षांत तिने असे किती चौदा काढून टाकले असतील याचा हिशेब लागणं शक्य नव्हतं, म्हणून तिने तो लावायला घेतलाच नाही.



दुसरी प्रत. घाईत केलेली. चौदाच्या चौदा ओळी इथे देण्यात अर्थ नाही, कारण सगळ्या सारख्याच होत्या:

६:१२ — ओ माय गॉड.
६:४० — ओ माय गॉड.
७:२२ — ओ माय गॉड.
इत्यादी.

"मॅडम," विपुल सर म्हणाले, "हा इंजिनियर होता की पाद्री?"

"त्याचे शब्द वेगवेगळे आहेत. इंग्रजीत मला..."

"नाही, ऐका ना. आमची मिसेस सीरियल बघते. अर्ध्या तासात चौदा वेळा ओ माय गॉड म्हणते. म्हणून काय आमच्या घरी बॉयलर फुटला?"

समिधाला हसू आलं. ते खरंच होतं.

"सवय असते काही लोकांना," विपुल सर म्हणाले. "चौकशीत हे टिकणार नाही. वर तुमच्याच एजन्सीचा नियम आहे, गाळावेत म्हणून. पहिली प्रत चांगली होती. तीच ठेवू. परवा चौकशी घ्यायला वत्सला मॅडम येतायत पालघरहून, त्यांना एकच कागद पाहिजे."

विपुल सर वाईट माणूस नव्हते. सुकाच्या दवाखान्याचं त्यांनीच पाहिलं होतं. त्यांना कागद सरळ लागायचा, एवढंच. खालच्यांना मराठीत, वरच्यांना इंग्रजीत, आणि मध्ये कुठे अडकणार नाही असा.

"त्या प्रतीखाली मला सही करायचीये," समिधा म्हणाली. "भाषांतर संपूर्ण आणि खरं आहे, असं लिहून."

"मग संपूर्ण काढून टाकू. नुसतं खरं लिहा."

"एक दिवस द्या."

विपुल सरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, जणू तो दिवस तिथून फाडून द्यायचा होता. मग म्हणाले, "एकच."



घिवली. संध्याकाळ. ओट्यावर बळवंत नारळ सोलत बसलेले. दांडीची कोळीण जमुना डोक्यावर टोपली घेऊन येऊन गेली होती आणि आत स्वयंपाकघरात कालवांचा, खडकांवरच्या शिंपल्यांचा, वास सुटला होता.

"बाबा, एखादा माणूस चकित झाला आणि 'कालवं!' असं ओरडला, तर?"

"तर जमुना आली आसंल."

"नाही हो. स्पेनमध्ये म्हणतात. ओस्त्रास. म्हणजे कालवं."

"कालवां बघून कोन चकित व्हतं गो? त्यांच्याकडं समुद्र नाय?"

तिने सांगितलं. मूळ शब्द ओस्तिया, देवळातला, त्यांच्या प्रसादाचा. तो रागाने उच्चारला की शिवी होते. ती जिभेवर आली आणि समोर मोठं माणूस असलं, की अर्ध्यातून वळवायची. शिवीच्या जागी कालवं.

"हां," बळवंत म्हणाले. "मंग तसं सांग ना. आपन नाय का, आयच्या म्हनून सुरू करतो, समोर पोर दिसलं का आय गो करतो. शेपूट बदलायचां."

"तेच तर. मराठीत सगळे बसतात. पायातल्या जुन्या चपलेसारखे. माद्रे मीया म्हणजे माझी आई, तर आपण आई गं म्हणतोच. इंग्रजीतच बसत नाहीत."

"इंग्रजाला चकित व्हायची सवय नाय. तो सगळां आधीच बघून गेलाय."

त्यांनी पहारेवर नारळ आपटला, सोडणाची एक पाकळी सुटली.  मग म्हणाले, "शब्दाचां सोड. मोठ्यानं बोलला का हळू?"

"कोण?"

"तुजा कालववाला. वाडीत केळीचा घड मोठा निगाला तर मी मोठ्यानं सांगतो, शेजारी ऐकूं दे. पायाजवळ नाग दिसला तर कसां बोलतो? तुला म्हाईत हाय. तुज्या आईला इचार."

आतून आईचा आवाज आला, "काय बोलतायत ते? परवा नागाला अगदी हळू आवाजात 'अरे वा' म्हणाले. मला वाटलं पाहुणे आले."

समिधाने वही आणली. तिच्या तक्त्यात तीन रकाने होते: वेळ, मूळ शब्द, इंग्रजी. तिने चौथा आखला आणि वर लिहिलं, आवाज. मग तिला एक साधी गोष्ट सुचली, जी आधीच सुचायला हवी होती. विपुल सर म्हणतात, सवय असेल. सवय असेल तर ती पहिल्या सहा मिनिटांतही दिसेल. तिथले उद्गारही तिने साफ केले होते. ते परत आणायचे.



तिसरी प्रत. सकाळी आठ ते दुपारी तीन. बाहेर बाकावर सुका, वर खोलीत समिधा. खोडलेलं खोडलेल्या जागी ठेवलं आहे.

०:४८ — आंदा. खोडलं: वॉव. ठेवलं: वेल, लुक अ‍ॅट दॅट. आवाज मोठा, हसरा. समोर कटिंग चहाचा ग्लास. एवढासा चहा त्याने आयुष्यात पाहिला नसावा.

२:१५ — ओंब्रे. ठेवलं: ओह, कम ऑन. आवाज मोठा. खिडकीतून कावळा आत आला आहे आणि त्याच्या बिस्किटावर बसला आहे.

४:३० — माद्रे मीया. खोडलं: मदर ऑफ माइन. इंग्रज असं म्हणत नाही, म्हणालाच तर त्या नावाचं जुनं गाणं म्हणतो. ठेवलं: माय वर्ड. आवाज खूप मोठा. वडापावातली मिरची. मागे कोणीतरी खदाखदा हसतं, बहुतेक सुका.

सहा मिनिटांत तीन. तिन्ही ओरडून.

६:१२ — ओस्त्रास. खोडलं: ऑयस्टर्स. खोडलं: ब्लायमी. खोडलं: गुड ग्रीफ, कारण हे वैतागलेला माणूस म्हणतो आणि हा अजून वैतागलेला नाही. ठेवलं: व्हॉट ऑन अर्थ. आवाज मध्यम, एकदम तुटलेला.

६:४० — पेरो बुएनो. हे दोन शब्द सुटे सुटे घेतले तर पण आणि चांगलं. एकत्र घेतले तर चांगलं काहीच नाही. ठेवलं: नाऊ होल्ड ऑन. आवाज कमी.

७:२२ — ओस्त्रास, दोनदा. ठेवलं: व्हॉट ऑन अर्थ, व्हॉट ऑन अर्थ. दुसरं पहिल्यापेक्षा हळू.

८:०३ — माद्रे मीया. मिरचीला म्हणाला तेच. मध्ये साडेतीन मिनिटं गेली. ठेवलं: डिअर गॉड. आवाज: कुजबुज.

८:०३ च्या पुढे सगळी कुजबुज. हेडफोनचा आवाज शेवटपर्यंत वाढवूनही एक उद्गार तिला लागला नाही. तिथे तिने रकाना रिकामा ठेवला आणि लिहिलं, श्वास.

९:३१ — ओस्तिया. न वळवलेली शिवी. समोर मोठं माणूस आहे की नाही याचं भान गेलेलं. ठेवलं: क्राइस्ट.

९:५० — फोन लागल्याचा आवाज, तो चालत मशीनपासून लांब जातो.

१०:०५ — ओरडणे. हे होआकीनचं नाही, सुकाचं. याचं भाषांतर नाही.

साडेतीनला तिने खाली सही केली. भाषांतर संपूर्ण व खरे आहे. विपुल सरांनी कागद घेतला, 'संपूर्ण' या शब्दावर थोडं थांबले आणि म्हणाले, "तुमची मर्जी. पण मॅडम, एक शब्द, दोन भाषांतरं? मिरचीला वेगळं, मशीनला वेगळं? हे मी विचारणार आहे हां. मला विचारावंच लागेल."



चौकशीच्या दिवशी टेबलाच्या एका टोकाला वत्सला मॅडम बसल्या. पालघरच्या वकील, साठीच्या, चष्मा दोरीला लटकवलेला. त्यांच्यासमोर लॅपटॉप. उजवीकडे विपुल सर, डावीकडे समिधा, आणि दाराजवळच्या खुर्चीत, टोकावर बसलेला सुका. त्याच्या पाठीचा खुर्चीला स्पर्श नव्हता.

"वाचा," वत्सला मॅडम म्हणाल्या.

समिधाने वाचलं. बातम्या द्याव्यात तशा आवाजात. सहा मिनिटं बारा सेकंद, व्हॉट ऑन अर्थ. सहा मिनिटं चाळीस सेकंद, नाऊ होल्ड ऑन. ओस्तियाच्या ओळीला ती किंचित अडखळली आणि पुढे गेली. 

विपुल सरांनी विचारायचं ते विचारलं. एक शब्द, दोन भाषांतरं.

"मिरचीला तो ओरडला," समिधा म्हणाली. "इथे कुजबुजतोय. माझे वडील म्हणतात, माणूस खरंच..."

"तुमचे वडील स्पॅनिश आहेत?" वत्सला मॅडमनी विचारलं.

"नाही. घिवलीचे."

"मग त्यांचं राहू द्या." त्यांनी चष्मा लावला. "सुका, इकडे तोंड करू नकोस. भिंतीकडे बघ. मी आवाज लावते. तुला आठवतं का, तो काय करत होता?"

लॅपटॉपचा पडदा फक्त त्यांना दिसत होता. पहिला ओस्त्रास वाजला.

"ह्याला त्यानं दाबाच्या काट्यावर टिचकी मारली," सुका भिंतीला म्हणाला. "काटा शून्यावर व्हता. त्यानं स्क्रीनकडं बघितलं. परत काटा."

वत्सला मॅडमनी व्हिडिओ थांबवला, मागे नेला, पाहिला. पुढे नेला.

"पेरो बुएनो," लॅपटॉपमधून आवाज आला.

"ह्याला त्यानं स्क्रीन हातानं पुसला. स्क्रीन त्यांच्या बोलीत हाय, आमाला येत नाय. आमाला काटा."

"माद्रे मीया." इतकं हळू की समिधाही पुढे वाकली.

"ह्याला तो मागं सरला. दोन पावलं."

आठ-दहा आवाज झाले. एकदाही तो चुकला नाही. व्हिडिओत वाफ होती, स्क्रीनवरचे आकडे वाचता येत नव्हते, पण टिचकी मारणारं बोट दिसत होतं, पुसणारा हात दिसत होता, आणि मशीन दोन पावलं लांब जाताना दिसत होतं.

"तुला स्पॅनिश येतं?" वत्सला मॅडमनी विचारलं.

"नाय मॅडम. तीन आठवडे संगं व्हतो. बोलनं नाय कळत, वरडनं कळतं."

विपुल सर हे ऐकून पुढे सरकले. त्यांचा आवाज चढला नाही. उलट त्यात थोडं दुःखच होतं, समोरच्याने स्वतःहून खड्ड्यात पाय घातला की वाटतं तसं.

"म्हणजे तुला कळलं होतं. तो घाबरलाय, मशीनमध्ये काहीतरी गडबड आहे, हे तुला कळलं होतं. आणि तरी तू झाकण उघडलंस?"

समिधाने टेबलावरच्या आपल्या कागदाकडे पाहिलं. चार रकाने, खाली सही. संपूर्ण व खरे. तिच्या त्या स्वच्छ, नीट, आवाजासकट लिहिलेल्या कागदाने सुकाला भिंतीशी नेऊन उभं केलं होतं. चौदा उद्गार त्याने ऐकले होते, आणि ऐकले हे आता सिद्ध झालं होतं. साफ प्रतीत निदान तो काही न कळणारा माणूस होता.

"सांग," वत्सला मॅडम म्हणाल्या. "तोंड फिरव आता. इकडे बघून सांग."

सुका वळला.

"कळलं व्हतं. तो चकित झाला, मी बी झालो. पन सायेब, तो चकित झाला तर कुनाला तरी फोन लागतो. मी चकित झालो तर काय व्हतं?" त्याने खरंच उत्तराची वाट पाहिली. "बोर्डावर लिवलंय, काटा शून्यावर आला का झाकन उघडायचं. काटा शून्यावर. तो फोनवर गेला. मागनं सुपरवायझर बोलला, काय बघत बसला, उघड. मी काय सांगू त्याला? स्पेनवाला हळू बोलतोय, म्हनून थांबलो?"

"मशीन थांबवायचं बटण असतं ना?" वत्सला मॅडमनी विपुल सरांना विचारलं.

"असतं. पॅनलमध्ये."

"पॅनलला कुलूप?"

"हो, म्हणजे... कोणीही दाबू नये म्हणून."

"चावी कोणाकडे?"

"सुपरवायझर. आणि कंपनीचे ऑपरेटर."

"कंत्राटी माणसाकडे?"

"नाही मॅडम. तसं धोरण नाही."

वत्सला मॅडमनी चष्मा काढला. तो दोरीला लोंबकळत राहिला. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि विपुल सरांनी स्वतःच्याच हाताने लिहून घेतलं, कारण टायपिस्ट जेवायला गेला होता:

"यंत्राचा काटा व स्क्रीन यांत फरक पडला होता, व तो झाकण उघडण्याच्या चार मिनिटे आधी परदेशी तंत्रज्ञाच्या लक्षात आला होता, असे त्याच्या उद्गारांवरून दिसते. कामगारासही शंका आली होती. शंका आल्यावर करता येण्यासारखे काहीही त्याच्या हाती दिलेले नव्हते. सबब त्याला दोष लावता येत नाही. गेटपास आजच परत द्यावा."

"आजच?" विपुल सरांनी विचारलं.

"आज कोणता वार आहे?"

"मंगळवार."

"मग मंगळवारी द्या."

विपुल सरांनी मंगळवार लिहिलं. मग थोडं थांबून, कोणी सांगितलं नसताना, वहीच्या कोपऱ्यात लिहिलं: पॅनलची चावी, विचार करणे.



पास मिळायला अडीच तास लागले, कारण फोटोवरचं प्लास्टिक निघालं होतं आणि नवीन लावणारा माणूस पालघरला गेला होता. शेवटी गेटच्या खोलीत सुकाने सही केली, ही सही वेगळ्या वहीत. समिधाही तिथेच होती, मोबाइल परत घ्यायला.

"ताई, एक इचारू?"

"विचारा."

"त्या चार मिनिटांत शिव्या किती व्हत्या?"

"एक. बाकीच्या त्याने वळवल्या."

"ती मला व्हती?"

"नाही. काट्याला होती."

सुकाने ते ऐकून घेतलं. पासची दोरी उजव्या हाताने गळ्यात घालता घालता तो थांबला.

"तीन आठवडे मला वाटं, हा मलाच देतो. ओस्त्रा ओस्त्रा करी, माझ्याकडं बघून. म्हनून मी बी देत व्हतो त्याला. आमच्या बोलीत. हसत हसत, लय घान घान."

"त्याला कळलं असेल?"

"नाय वो," सुका म्हणाला. "तो हात जोडून ग्रासियास, थँक्यू बोलं."

दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला आणि तो आत गेला.